मुकुट स्टॉकहोमला, राणी पॅरिसला

११ मे १८१८ रोजी स्टॉकहोममध्ये स्वीडनच्या चौदाव्या कार्ल योहानचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला नॉर्वेतल्या ट्रोंडहाइमला दुसरा झाला, कारण तेव्हा दोन्ही देशांचा राजा एकच होता. दोन्हीकडे थाटमाट यथासांग होता, राणीची जागा तेवढी रिकामी. ती आजारी नव्हती, नजरकैदेत नव्हती, नवऱ्याने टाकलेलीही नव्हती. ती पॅरिसमध्ये आंजू रस्त्यावरच्या आपल्या घरात ‘गोटलंडची काउंटेस’ हे नाव लावून राहत होती. जून १८११मध्ये तिने स्टॉकहोम सोडलं होतं आणि तिथे पुन्हा पाऊल ठेवलं ते थेट जून १८२३मध्ये.

तिचं माहेरचं नाव देझिरे क्लारी. मार्सेयच्या एका रेशीम व्यापाऱ्याची ही मुलगी. तिच्याबद्दल कादंबऱ्या निघाल्या, चित्रपट निघाले, आणि बहुतेकांचा सूर एकच: नेपोलियनने जिला नाकारलं ती शेवटी राणी झाली, दैवाने न्याय केला. गोष्ट म्हणून झकास आहे. पण नेपोलियनचं प्रकरण तिच्या अठराव्या वर्षीच संपलं आणि ती जगली त्र्याऐंशी वर्षं. मला जास्त कुतूहल आहे ते त्या बारा वर्षांचं. गादी समोर मांडून ठेवलेली असताना एखादी बाई तिच्यावर बसायला बारा वर्षं का जात नाही? आणि मग एक दिवस आपणहून का जाते? हे तपासायचं तर सुरुवात राजवाड्यापासून करून चालत नाही, पेढीपासून करावी लागते.

मार्सेयची पेढी

मार्सेय हे फ्रान्सचं भूमध्य समुद्रावरचं मोठं बंदर. तुर्कस्तान, सीरिया, इजिप्त या पूर्वेकडच्या किनाऱ्यांशी चालणाऱ्या व्यापारात त्याला १६६९पासून खास सवलती होत्या, आणि त्या जोरावर शहरातली व्यापारी घराणी गबर झाली होती. फ्रान्स्वा क्लारी त्यांतलाच. दोन लग्नं, घरभर मुलंबाळं, रेशमाचा मोठा व्यवहार. त्याच्या दुसऱ्या बायकोची, फ्रान्स्वाज रोझ सोमिसची, ज्यूली ही मुलगी डिसेंबर १७७१मधली आणि धाकटी देझिरे ८ नोव्हेंबर १७७७ची. शिक्षण त्या काळच्या सधन मुलींना मिळायचं तेवढंच: मठातली शाळा, थोडं वाचन, थोडं संगीत.

पैसेवाल्याला पैशानंतर मान हवासा वाटतो. फ्रान्स्वाने राज्यक्रांतीच्या आधी सरदारकी मिळावी म्हणून अर्ज केला होता. तो फेटाळला गेला आणि विषय तिथेच संपला असं घरच्यांना वाटलं असणार. मग १७९३ उजाडलं. पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध मार्सेयने बंड केलं. ऑगस्टमध्ये सरकारी फौजेने शहर घेतलं, आणि काही काळ तर शिक्षा म्हणून शहराचं नावच काढून घेऊन त्याला ‘बेनाम शहर’ म्हणायचा हुकूम निघाला. श्रीमंत व्यापारी म्हणजे संशयित हे ठरलेलंच. अशात २० जानेवारी १७९४ला फ्रान्स्वा वारला आणि त्याच्या जुन्या अर्जाचा कागद कोणाच्या तरी हाती लागला. बाप गेलेला, तेव्हा घराचा कर्ता झालेला थोरला मुलगा एतिएन तुरुंगात गेला. न मिळालेल्या सरदारकीसाठी तुरुंग! पेढीच्या चोपडीत हा व्यवहार कुठल्या खात्यावर टाकायचा?

सोळा वर्षांची देझिरे भावाच्या सुटकेसाठी आपल्या वहिनीबरोबर अधिकाऱ्याच्या कचेरीत गेली, ताटकळता ताटकळता तिथेच झोपली, सगळे निघून गेले, आणि तिला घरी पोचवायला आला एक तरुण कॉर्सिकन: जोसेफ बोनापार्त. ही हकिकत पुढे कुटुंबात सांगितली जायची. थोडी रंगवलेली असेलही. पण जोसेफ त्या घरात आला, एतिएन सुटला, आणि १ ऑगस्ट १७९४ला जोसेफचं लग्न ज्यूलीशी झालं, यात वाद नाही.

आज बोनापार्त नाव कानावर पडलं की मुकुट डोळ्यांसमोर येतो, म्हणून इथे जरा थांबायला हवं. १७९३च्या जूनमध्ये हे कुटुंब कॉर्सिकातून अंगावरच्या कपड्यांनिशी पळून आलं होतं. विधवा आई, पोरांचं लटांबर, सरकारी मदतीवर गुजराण. नेपोलियन तूलोंच्या वेढ्यानंतर ब्रिगेडियर जनरल झाला होता खरा, पण क्रांतीच्या काळात जनरलची नोकरी आणि मान दोन्ही टांगणीला. या सोयरिकीत पैसा क्लारींकडे होता आणि ओळखी बोनापार्तांकडे. ज्यूली दिसायला साधी, पण भरघोस हुंडा घेऊन आलेली. दोन्ही बाजूंना सौदा मानवला, आणि नवलाची गोष्ट म्हणजे माणसंही एकमेकांना मानवली.

‘एक बोनापार्त पुरे’

थोरल्याचं लग्न थोरलीशी, मग धाकट्याचं धाकटीशी. २१ एप्रिल १७९५ला नेपोलियन आणि देझिरेचं लग्न ठरलं. तो तिला तिच्या मधल्या नावाने, युजेनी म्हणून, हाक मारायचा. त्याच वर्षी त्याने एक छोटी प्रेमकथा लिहायला घेतली, तिच्या नायिकेचं नावही तेच. मे महिन्यात तो पॅरिसला गेला. इकडे क्लारी मंडळी काही काळ जिनोव्हाला जाऊन राहिली. पत्रं आधी लांबलचक होती, मग तोकडी झाली. ९ मार्च १७९६ला त्याने जोसेफिन द बोआर्नेशी लग्न केलं.

‘घरात एक बोनापार्त पुरे झाला’ असं म्हणून क्लारी बापाने नेपोलियनला वाटेला लावलं, असा एक किस्सा हमखास वाचायला मिळतो. तारखा जुळवल्या तर तो उभाच राहत नाही. बाप जानेवारी १७९४मध्ये गेला, लग्न ठरलं एप्रिल १७९५मध्ये. काहीजण मग हे वाक्य आईच्या तोंडी घालतात. कोणीतरी मागाहून रचलेलं वाक्य असावं, असं माझं मत आहे. रचणाऱ्याला व्यापाऱ्याचा धोरणीपणा दाखवायचा होता, पण हा व्यापारी घोडा धावून जिंकल्यावर शर्यत कशी होती ते सांगतोय.

पुढच्याच वर्षी आणखी एक लग्न जवळ येऊन हुकलं. जोसेफ रोममध्ये फ्रान्सचा राजदूत होता. देझिरे त्याच्या आणि ज्यूलीच्या बरोबर तिथे गेली. जनरल द्युफोशी तिचं लग्न ठरलं होतं. २८ डिसेंबर १७९७ला, लग्न दोन दिवसांवर आलेलं असताना, दूतावासाच्या दारात दंगल झाली आणि त्यात द्युफो मारला गेला. त्याच्याबद्दल आपल्याला काही वाटत होतं हे ती पुढे नाकारायची.

या दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट नजरेत भरते. नवरा बदलतो, पण देझिरे राहते ती ज्यूलीच्याच घरात. मार्सेय, जिनोव्हा, रोम, पॅरिस: शहर कुठलंही असो, ज्यूली असेल तिथे तिचं माहेर. बाप गेल्यावर आणि पेढी विस्कटल्यावर माहेर म्हणून तिच्याकडे एवढंच उरलं होतं. पुढच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली मला इथे दिसते.

सार्जंटचा सेनापती, सेनापतीचा युवराज

१७ ऑगस्ट १७९८ला पॅरिसजवळच्या सो गावात तिने जाँ-बाप्तिस्त बर्नादोतशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. नेपोलियन तेव्हा इजिप्तमध्ये होता. बर्नादोत पो गावच्या एका छोट्या वकिलाचा मुलगा, साधा शिपाई म्हणून भरती झालेला, सार्जंट होऊन क्रांतीच्या लाटेवर जनरल झालेला. उंचापुरा, देखणा, बोलघेवडा. नेपोलियनला तो कधीच पुरता मानवला नाही. म्हणूनच त्याला घरात बांधून घेणं बोनापार्तांच्या सोयीचं होतं. लग्नाच्या करारात देझिरेचा पैसा तिच्या हाती राहील अशी तजवीज होती. व्यापाऱ्याच्या घरात एवढं तर पाहिलं जाणारच! ४ जुलै १७९९ला मुलगा झाला. नेपोलियन धर्मपिता झाला आणि स्कॉटिश दंतकथांतलं त्याच्या आवडीचं नाव पोराला मिळालं: ऑस्कर. ते नाव पुढे स्वीडनच्या दोन राजांनी लावलं.

साम्राज्याची वर्षं थोडक्यात सांगतो. १८०४मध्ये बर्नादोत मार्शल झाला. त्या वर्षी २ डिसेंबरला नेपोलियन-जोसेफिनचा राज्याभिषेक झाला तेव्हा जोसेफिनच्या झग्याचा घोळ धरणाऱ्या बायकांत ज्यूली होती. देशोधडीला लागलेल्या जनरल मोरोचं आंजू रस्त्यावरचं घर नेपोलियनने विकत घेऊन बर्नादोतांना दिलं. हेच ते घर. १८०६मध्ये जोसेफ नेपल्सचा राजा झाला, १८०८मध्ये स्पेनचा. म्हणजे ज्यूली दोन देशांची राणी. पण नेपल्सला ती जेमतेम काही आठवडे राहिली आणि स्पेनमध्ये तर तिने पायच ठेवला नाही. मुकुट घ्यायचा आणि घर सोडायचं नाही, ही रीत या दोघींपैकी थोरलीने आधी पाडली, हे इथे ध्यानात ठेवावं. बर्नादोत १८०६मध्ये इटलीतल्या पोंते कोर्व्हो या चिमुकल्या संस्थानाचा राजपुत्र झाला तेव्हा देझिरेने पहिली चौकशी केली ती आपल्याला तिथे जाऊन राहावं लागेल का याची. नाही म्हणाले, मग हरकत नव्हती.

आता स्वीडन. १८०९मध्ये तिथे चौथ्या गुस्ताव आडोल्फला पदच्युत करण्यात आलं. रशियाने फिनलंड हिसकावलं होतं, तिजोरी खडखडाट होती. त्याचा म्हातारा चुलता तेरावा कार्ल गादीवर आला, त्याला मूलबाळ नव्हतं. वारस म्हणून आणलेला डॅनिश राजपुत्र मे १८१०मध्ये घोड्यावरून कोसळून मेला. लढवय्या वारस हवा, नेपोलियनच्या मर्जीतला वाटेल असा हवा, आणि जमलं तर पैसेवाला हवा, अशी ही स्थळाची यादी होती. बॅरन मोर्नर नावाच्या एका तरुण लेफ्टनंटने कोणालाही न विचारता पॅरिसला जाऊन बर्नादोतला विचारलं. १८०६मध्ये ल्युबेकला पकडलेल्या स्वीडिश सैनिकांना बर्नादोतने सभ्यपणे वागवलं होतं, ते लोक विसरले नव्हते. शिवाय त्याला मुलगा होता. ओरेब्रूला भरलेल्या स्वीडिश संसदेत त्याचा माणूस फुर्निए पोचला तो नुसत्या आश्वासनांसह नव्हे, पोराचं चिमुकलं चित्रही बरोबर घेऊन. निपुत्रिक घराण्याला वारस विकायचा तर वारसाचा वारस दाखवावा लागतो, हे पेढीवर बसलेल्या कुणालाही कळेल. २१ ऑगस्ट १८१०ला निवड झाली. बर्नादोत लुथरपंथी झाला, म्हाताऱ्या राजाने त्याला दत्तक घेतलं, नाव बदलून कार्ल योहान झालं. दत्तकविधान आपल्याला परकं नाही. पण सत्तेचाळीस वर्षांचा, बायकोपोरं असलेला, देश वेगळा, भाषा वेगळी, धर्म वेगळा असा दत्तक मुलगा म्हणजे जरा जास्तच.

देझिरेला वाटलं, हेही पोंते कोर्व्होसारखंच असणार. किताब मिळेल, राहायचं पॅरिसलाच. यावेळी मात्र तिकडून उत्तर आलं: यावं लागेल.

पहिला हिवाळा

२२ डिसेंबर १८१०ला ती मुलाला घेऊन हेलसिंगबोर्गला उतरली. ६ जानेवारी १८११ला स्टॉकहोम. मार्सेयच्या मुलीला स्वीडन दाखवायला यापेक्षा वाईट महिना शोधूनही सापडला नसता. दुपारी तीनला अंधार, गोठलेला समुद्र, प्रचंड गार राजवाडा. त्यात सासरचा गोतावळा पाहा. दत्तक सासूबाई म्हणजे राणी हेड्विग एलिझाबेथ शार्लोट, जर्मन राजघराण्यातली, तल्लख, आणि रोज सगळ्यांबद्दल रोजनिशी लिहिणारी. पदच्युत राजाची आई अजून जिवंत. तेराव्या कार्लची बहीणही वाड्यात. या सगळ्यांच्या लेखी ही कोण, तर रेशीमवाल्याची मुलगी. राणीच्या रोजनिशीतली देझिरे मनाची चांगली, पण लाडावलेल्या मुलासारखी, शिष्टाचाराला कंटाळलेली, कुठलीही गोष्ट नको असेल तर आजारपण काढणारी अशी दिसते. बरोबर आणलेल्या फ्रेंच बायकांनी, विशेषतः एलिझ ला फ्लोतने, ऊठसूट नाकं मुरडून तिच्याबद्दल उरलंसुरलं बरं मतही घालवलं.

रोजनिशी वाचताना एक भान ठेवावं लागतं. ती सासूने लिहिलेली आहे. आपल्याकडे एखाद्या सुनेचा पहिल्या सहा महिन्यांतला वृत्तांत फक्त सासूच्या तोंडून ऐकून कोणी निवाडा दिला, तर आपण हसू. शिवाय त्या तक्रारींतली निम्मी थंडीची आणि उरलेली रीतिरिवाजांची आहे, आणि दोन्ही खरी होती.

जूनमध्ये ती निघाली. प्रकृतीचं कारण सांगितलं गेलं. अकरा वर्षांचा ऑस्कर मागे राहिला.

बारा वर्षं

या मुक्कामाची चार कारणं वेगवेगळ्या लोकांनी सांगितली आहेत: हवामान, राजकारण, ज्यूली, आणि फ्रान्सचा पंतप्रधान रिशल्यो. चारही खरी आहेत, पण सारखी वजनदार नाहीत.

हवामानाने ती गेली हे समजतं, बारा वर्षं परतली नाही हे समजत नाही.

राजकारणाचं कारण पहिल्या तीन वर्षांपुरतं बरंच पटतं. जानेवारी १८१२मध्ये फ्रेंच फौजांनी स्वीडिश पोमेरानिया, म्हणजे जर्मन किनाऱ्यावरचा स्वीडनचा मुलूख, घेतला, कार्ल योहान रशियाकडे झुकला, आणि ऑक्टोबर १८१३मध्ये लाइपझिगच्या लढाईत तो नेपोलियनच्या विरुद्ध बाजूला उभा होता. म्हणजे स्वीडनची युवराज्ञी शत्रूच्या राजधानीत, शत्रूच्या भावजयीच्या संगतीत, त्याच शत्रूने दिलेल्या घरात राहत होती. निरोप इकडून तिकडे जाण्याची ही उत्तम सोय होती आणि ती वापरली गेली. नवऱ्याने तिला परत यायची सक्ती केली नाही ती नुसत्या प्रेमापोटी, असं मला वाटत नाही. पण १८१५नंतर नेपोलियनच सेंट हेलेनावर गेल्यावर हे कारणही संपतं. तिथे गेल्यावर नेपोलियनने म्हटलं म्हणे की बर्नादोतला आपण अनेकदा माफ केलं ते देझिरेकडे पाहून. असेलही. हरलेला माणूस मागे वळून पाहताना उदार होतो.

उरली ज्यूली. तिच्या तारखा देझिरेच्या तारखांशेजारी मांडल्या की चित्र स्पष्ट व्हायला लागतं. १८११मध्ये जोसेफ स्पेनमध्ये, ज्यूली दोन मुलींसह पॅरिस आणि मोर्तफोंतेनच्या वाड्यात, म्हणजे देझिरेची जागा तिथेच. १८१४मध्ये साम्राज्य कोसळलं तेव्हा ज्यूलीने आसरा घेतला तो देझिरेच्या घरी. दाराबाहेर रशियन सैनिक फिरत होते, आणि आत एका पदच्युत राणीला दुसरी होणारी राणी सांभाळत होती, कारण तिचा नवरा विजेत्यांपैकी होता. १८१५मध्ये जोसेफ अमेरिकेला निघून गेला, ज्यूली गेली नाही. जानेवारी १८१६च्या कायद्याने समस्त बोनापार्तांना फ्रान्समधून हाकललं आणि ज्यूलीला फ्रँकफुर्टला जावं लागलं. त्यानंतरची देझिरेची वर्षं बहिणीला परत येऊ द्यावं म्हणून अर्जविनंत्या करण्यात गेली. एकेकाळी भावासाठी कचेरीत ताटकळलेली मुलगी आता चाळिशीत बहिणीसाठी दारं ठोठावत होती.

आणि त्या दारांपैकी सगळ्यात मोठं दार होतं ड्यूक द रिशल्योचं. नेपोलियननंतर फ्रान्सच्या गादीवर आलेल्या अठराव्या लुईचा हा पंतप्रधान. तिथे मात्र तिचा तोल गेला. ती त्याच्या मागे लागली, अगदी शब्दशः. तो ज्या गावी हवापालटाला जाई त्या गावी तिची गाडी. तो बसलेला असे तिथे जवळपास ती. त्याला ते असह्य झालं होतं, खासगीत तो तिला ‘माझी वेडी राणी’ म्हणायचा. काही अभ्यासक यातही बहिणीसाठीची खटपट पाहतात. सुरुवात तशी झाली असावी, शेवट तसा दिसत नाही. तिने आयुष्यात आपणहून, कोणी न ठरवता, कोणाच्या तरी मागे जाण्याची ही एकच वेळ. लोकांनी टिंगल केली. मला तिची कीव येते आणि थोडं बरंही वाटतं.

मे १८२२मध्ये रिशल्यो वारला. ज्यूली पॅरिसला परतू शकणार नाही हे तोवर उघड झालं होतं. जोसेफ अटलांटिकपलीकडे. आंजू रस्त्यावरच्या घरात भिंती उरल्या होत्या, माणसं राहिली नव्हती. त्याच उन्हाळ्यात आखेनला तिची ऑस्करशी भेट झाली. अकरा वर्षांचा सोडलेला मुलगा आता तेवीस वर्षांचा, अस्खलित स्वीडिश बोलणारा आणि लग्नाची मुलगी शोधत निघालेला. वर्षभरात ती स्टॉकहोमला पोचली. म्हणून माझा निष्कर्ष साधा आहे: तिने पॅरिस सोडलं ते स्वीडनची ओढ लागली म्हणून नव्हे. माहेर उठलं होतं, आणि पोरगा जिथे होता ते घर तेवढं उरलं होतं.

या गैरहजेरीची किंमत कोणी मोजली? ऑस्करने, अर्थातच. जुनी राणी जून १८१८मध्ये वारली, त्यानंतर दरबारात पाच वर्षं यजमानीण नव्हती, आणि मारियाना कोस्कुलसारख्या राजाच्या मर्जीतल्या बाईला तिथे आयती जागा मिळाली. घराण्याला मात्र एक फायदा झाला, तो कोणी मुद्दाम योजलेला नव्हता. राणीभोवती फ्रेंच माणसांचं कोंडाळं जमलंच नाही. राजा जन्मभर स्वीडिश शिकला नाही, आणि ऑस्कर आईच्या पदराआड न वाढता स्वीडिश शिक्षकांच्या हाती वाढून बापाचा दुभाषा झाला. परकं घराणं एका पिढीत देशी दिसायला लागलं.

पैशाचंही एक सांगून टाकतो. फ्रान्सविरुद्ध साथ दिल्याबद्दल ब्रिटिशांनी १८१३मध्ये कॅरिबियन समुद्रातलं ग्वादलूप बेट स्वीडनला दिलं, आणि १८१४मध्ये ते फ्रान्सला परत करताना २ कोटी ४० लाख फ्रँक मिळाले. कार्ल योहानने त्या पैशातून देशाचं परदेशी कर्ज फेडलं आणि बदल्यात आपल्या घराण्याला दरसाल ३,००,००० रिक्सदालरची नेमणूक लावून घेतली. ती १९८३पर्यंत चालू होती. क्लारी सासऱ्याने जावयाची पाठ थोपटली असती.

परतलेली राणी

१३ जून १८२३ला ती स्टॉकहोमला पोचली तेव्हा बरोबर होणारी सून होती, सोळा वर्षांची जोसेफिन. ही जोसेफिन म्हणजे सम्राज्ञी जोसेफिनच्या मुलाची मुलगी. जिच्यासाठी नेपोलियनने देझिरेशी ठरलेलं लग्न मोडलं तिचीच नात, नावासकट, देझिरे आपल्या हाताने घरात घेऊन येत होती. १९ जूनला लग्न झालं. सासू-सुनेचं छान जमलं.

आता मात्र ती राणी म्हणून बसली. नाव लॅटिन वळणाचं झालं, देसिदेरिया. २१ ऑगस्ट १८२९ला, नवऱ्याची निवड झाली त्याच तारखेला, तिच्या स्वतःच्या इच्छेने स्टॉकहोमच्या स्तूरचिर्कान या मुख्य चर्चमध्ये तिचा राज्याभिषेक झाला. सामान्य घरातली बाई स्वीडनची राणी होण्याची ही १५६८मधल्या कारिन मोन्सदोत्तरनंतरची पहिली वेळ. तिने कॅथलिक धर्म सोडला नव्हता. स्वीडनने त्याकडे काणाडोळा केला, नॉर्वेने केला नाही, म्हणून तिथला अभिषेक राहून गेला.

स्वीडिश तिलाही आली नाही. राजा सकाळचा अंथरुणातच बसून मंत्र्यांना भेटायचा. राणी तर दिवस मावळायला लागला की उठायची. जेवणाला उशीर, स्वागताला उशीर, आणि रात्री-अपरात्री गाडी जोडून वाड्याच्या चौकात नुसत्या चकरा. दरबारी पेंगायचे. रस्त्यावर एखादं पोर दिसलं तर ती त्याला खाऊ द्यायची. शहराला आधी हे विचित्र वाटलं, मग सवयीचं झालं, आणि शेवटी शेवटी लोकांना ती आवडायला लागली. १८४४मध्ये राजा गेला, १८५९मध्ये ऑस्करही तिच्या आधी गेला. १७ डिसेंबर १८६०च्या रात्री ती नेहमीप्रमाणे उशिरा ऑपेराला पोचली तेव्हा पडदा पडून गेला होता. वाड्यावर परतल्यावर त्याच रात्री ती वारली. आज स्वीडनचे राजे असलेले सोळावे कार्ल गुस्ताव तिचेच थेट वंशज. नॉर्वे, डेन्मार्क आणि बेल्जियमच्या राजघराण्यांतही मुलींच्या बाजूने तिचं रक्त आहे.

त्याआधीची एक नोंद राहिली. ज्यूली १८४५मध्ये फ्लोरेन्सला वारली होती. १८५२च्या डिसेंबरात फ्रान्सच्या गादीवर पुन्हा बोनापार्त आला, तिसरा नेपोलियन, ज्यूलीच्या दिराचा मुलगा. १८५३मध्ये पंचाहत्तरीच्या राणीने पॅरिसला परत जायचं ठरवलं. सामान बांधलं, माणसं निवडली, स्वारी दक्षिणेला कार्ल्सक्रोनाच्या बंदरापर्यंत गेली. जहाज तयार होतं. समुद्राची तिला फार धास्ती. तिने पाण्याकडे पाहिलं आणि गाडी मागे वळवायला सांगितली.